काळ्या काठीचा भाव

कापडाच्या व्यापाऱ्याने खेळाच्या काठीवर लिहावे, हे काही वाचकांना खटकेल. आम्हालाही प्रारंभी तसेच वाटले. परंतु गेले तीन-चार महिने आमच्या पेढीवर तागे आणि थानांपेक्षा या काठीचीच चर्चा अधिक झाली, आणि बोलता बोलता ती सुतावर, विणीवर आणि सायझिंगवर येऊन ठेपली. म्हणजे आमच्याच घरी आली. शिवाय दोन लाख रुपयांचा सवाल होता.

हकीकत अशी. आमचा भाचा कल्याणला पूल पार्लर चालवतो. सहा टेबले आहेत, तासाच्या भाड्याने देतो. पैजेवर खेळायला तेथे सक्त मनाई आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पूल म्हटले की आपल्यातली वडीलधारी मंडळी लगेच कपाळाला आठ्या घालतात. तर तो एके दिवशी दुकानावर आला आणि म्हणाला, "मामू, दोन लाख उसने हवेत. पार्लरमधल्या लाकडी स्टिका काढायच्या आहेत. आता कार्बनचे शाफ्ट ठेवायचे."

एका पुरवठादाराने त्याला दहा नगांचा भाव दिला होता, नगाला वीस हजार.

"एका काठीला वीस हजार?" आम्ही विचारले.

"आख्खी काठी नाही मामू, अर्धी. नुसता पुढचा भाग."

अर्ध्या काठीच्या त्या भावात आमच्याकडे साध्या घरचा लग्नाचा बस्ता होतो. आम्ही पैसे देतो किंवा देत नाही यातले काहीच बोललो नाही. नमुना घेऊन ये, इतकेच म्हणालो. नमुना पाहिल्याशिवाय आम्ही आमच्या सख्ख्या भावाचाही माल उचललेला नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूलची काठी साधारण ५८ इंचांची असते. तिचे दोन तुकडे असतात. हातात धरायचा मागचा जाड भाग म्हणजे बट आणि चेंडूकडचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. दोन्ही मध्ये पेचाने जोडतात. शाफ्टच्या टोकाला चामड्याची टिप असते आणि तिला खडू घासून चेंडूवर मारतात. आपल्याकडे जुना खेळ बिलियर्ड्स आणि स्नूकरचा. स्नूकर तर १८७५ मध्ये आपल्याच जबलपूरच्या छावणीत जन्मला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. मुंबईच्या यासीन मर्चंट यांनी १९८९ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये आशियाई स्नूकर जिंकले. त्या खेळातल्या काठ्या बहुधा ॲश नावाच्या लाकडाच्या असतात. पूल हा अमेरिकेत वाढलेला खेळ. त्याचा चेंडू मोठा आणि जड, त्यामुळे टोकही जाड, आणि लाकूड मेपलचे. काळ्या काठीची हवा निघाली ती तिकडूनच.

ती हवा का निघाली, हे समजल्याशिवाय एका शाफ्टची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही. आमचे मत असे की, विकणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही ते समजलेले नाही.

पांढऱ्या चेंडूला बरोबर मध्यावर मारले तर तो सरळ जातो. पण खेळाडूला चेंडू फिरवायचा असतो, म्हणून तो बाजूला मारतो. उजवीकडे मारले की चेंडू काठीच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे ढळतो. डावीकडे मारले की उजवीकडे. हे ढळणे किती, हे हातावर अवलंबून नाही. ते शाफ्टच्या पुढच्या पाच-सात इंचांच्या वजनावर अवलंबून आहे. टिप चेंडूला टेकलेली असते तेवढ्या क्षणात चेंडू फिरू लागतो आणि टोकाला बाजूला ढकलतो. टोक हलके असेल तर ते सहज बाजूला होते आणि चेंडू कमी ढळतो. टोक जड असेल तर ते हटत नाही, मग चेंडूलाच हटावे लागते. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकवलेले प्राध्यापक डेव्हिड अल्सिएटोर यांनी हा विषय वर्षानुवर्षे मोजून मांडला आहे. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट विक्रेते कधी सांगत नाहीत. कमी ढळणारा शाफ्ट चेंडूला अधिक फिरकी देत नाही. तो फक्त नेम धरताना करावा लागणारा हिशेब कमी करतो.

आता ऐका. टोक हलके करण्याची युक्ती कार्बनची नव्हे. फ्लोरिडातल्या प्रेडेटर या कंपनीने १९९० च्या दशकातच मेपलच्या फाकी जोडून, पुढून पोकळ केलेला शाफ्ट काढला होता. तो लाकडाचाच होता. कार्बनचा त्यांचा रेव्हो २०१६ मध्ये आला आणि तेथून काळ्या रंगाची लाट उठली. मग क्युटेकचा सिनर्जी आला, जपानच्या मेझचा आला, अमेरिकेतल्या जुन्या काठी बनवणाऱ्यांनीही आपापले काढले. २०२२ चा नाइन-बॉलचा विश्वविजेता शेन व्हॅन बोनिंग सिनर्जीने खेळतो. मोठा खेळाडू ज्याने खेळतो त्याच्या पाठोपाठ पोरे जातात. आमच्या धंद्यात एखाद्या नटाने कुर्ता घातला की दुसऱ्या महिन्यात तोच कुर्ता फुटपाथवर येतो, तसेच.

नावाजलेल्या कंपनीचा खरा शाफ्ट तिकडे साधारण चारशे ते साडेपाचशे डॉलरला पडतो. आपल्या दारात येईपर्यंत वाहतूक आणि आयात शुल्क धरून चाळीस हजारांच्या पुढे जातो. मग वीस हजारांत जो मिळतो तो काय आहे? हा प्रश्न भाच्याने विचारायला हवा होता. आम्ही विचारला.

येथे आमचा धंदा कामाला आला. कार्बन फायबर म्हणजे धागाच आहे. स्वेटर आणि शालीसाठी आपण जे अॅक्रिलिक सूत विकतो, त्याच जातीचे सूत. ते आधी हवेत दोनशे-तीनशे अंशांवर ताणून भाजतात. मग हवा काढून, नायट्रोजनमध्ये, हजार अंशांच्या वर नेतात. बाकी सारे उडून जाते, जवळजवळ निम्मे वजन जाते, आणि उरतो तो काळा कोळशाचा तंतू, केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका बारीक. १८७९ मध्ये एडिसनने दिव्यासाठी सुती दोरा जाळून जे केले, त्याचेच हे पुढचे घराणे. १९७१ पासून जपानच्या तोरे कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर काढले, आणि तोरे ही मुळात रेयॉन काढणारी कापडवाली कंपनी! तिचे जुने नावच तोयो रेयॉन. कापडवाल्यांनी विमानाला धागा पुरवला, ही गोष्ट आम्हाला तरी मोठी सुखाची वाटते.

इतकेच नव्हे, या धाग्यालाही सायझिंग करतात. आपण ताण्याला खळ देतो ती धोट्याच्या घर्षणाने सूत तुटू नये म्हणून. ते देतात ती तंतू विसकटू नये आणि पुढे राळ नीट धरावी म्हणून. भिवंडीतला कोणताही सायझिंगवाला तो कारखाना पाहील तर अर्ध्या तासात ओळखेल.

आता आकड्यांकडे येऊ. शाफ्टवर '३के', '१२के', '१५के' असे लिहिलेले असते. पोरे समजतात की आकडा मोठा म्हणजे माल भारी. तसे काही नाही. के म्हणजे हजार. ३के म्हणजे एका जुडीत तीन हजार तंतू. तोरेच्या टी ३०० जातीची ३के जुडी १९८ टेक्सची असते. डेनिअरमध्ये बोलणाऱ्यांसाठी सांगतो, सुमारे १,७८०. हा सुताचा जाडपणा झाला, दर्जा नव्हे. जाड जुडी किलोमागे बहुधा स्वस्तच पडते. दुसरे अक्षर 'टी ७००'. यात मात्र दर्जा आहे, पण कसला ते पाहा. टी ३०० पेक्षा टी ७०० ताणल्यावर फार उशिरा तुटतो, ३,५३० ऐवजी ४,९०० मेगापास्कलला. पण दोघांची ताठरता एकच आहे, २३० गिगापास्कल. काठी काही दोन्हीकडून ओढून तोडायची नसते. ती किती ताठ राहते हे पाहायचे असते, आणि तिथे या दोघांत फरक नाही. तेव्हा नुसत्या टी ७०० साठी कोणी जास्त पैसे मागत असेल तर कारण विचारावे.

खरा फरक धागा कोणत्या दिशेने घातला यात आहे. राळ लावलेले कार्बनचे कापड पोलादी सळईवर गुंडाळतात, विडीसारखे, आणि भट्टीत पक्के करतात. लांबीच्या दिशेने घातलेले उभे धागे शाफ्टला वाकू देत नाहीत. उरेब घातलेले धागे पीळ पडू देत नाहीत. आडवे धागे नळी चेपू देत नाहीत. कोणता थर किती, टोकाकडे किती पातळ, मागे किती जाड, यातच कारागिरी आहे आणि पैसेही त्याचेच आहेत. गिऱ्हाईक ज्या चौकटीदार किंवा ट्विलच्या चमकदार विणीवर भुलते, ती बहुधा सर्वात वरची, शोभेची. काम करणारा थर तिच्या खाली असतो आणि तो दिसत नाही. आमच्या बाजारात जो फक्त वरचा चकाकता पोत पाहून कोटाचे कापड घेतो आणि आत कॅनव्हास कोणता हे विचारत नाही, तो दुसऱ्या पावसाळ्यात परत येतो. (आणि रागावून आमच्यावरच ओरडतो, ते वेगळे.)

भाच्याने नमुना आणला. काळा, गुळगुळीत, वरून सुंदर विणकाम. एक नियमित गिऱ्हाईक आपला स्वतःचा अमेरिकन कार्बन शाफ्ट संध्याकाळपुरता द्यायला राजी झाला. तिसरा फाकी जोडलेला, हलक्या टोकाचा मेपलचा. चौथा पार्लरचा रोजचा साधा मेपल. रविवारी सकाळी पार्लर बंद असताना आम्ही चौघे जमलो. आम्ही, भाचा, तो गिऱ्हाईक आणि खरादी चाचा.

खरादी चाचांविषयी सांगितले पाहिजे, कारण आमचे अर्धे मन त्यांच्यामुळे या प्रकरणात गुंतले. चाचा भिवंडीचे. त्यांचे वडील आणि ते स्वतः लेथवर मागासाठी लाकडी बॉबिनी कातायचे. प्लास्टिकच्या बॉबिनी आल्या आणि ते काम बसले. आम्ही ते डोळ्यांसमोर पाहिले आहे. आमच्या स्वतःच्या चार मागांवर प्लास्टिक आम्हीच बसवले होते. दहा पैसे वाचत होते म्हणून. चाचा तेव्हा काही बोलले नाहीत. पुढे त्यांनी क्रिकेटच्या स्टंप, पाटपाळणे असे करत करत पूलच्या काठ्यांची दुरुस्ती धरली. टिप बदलणे, वाकलेला शाफ्ट उतरवून नवा कातणे, पेच बसवणे. भाच्याच्या आणि आसपासच्या तीन पार्लरच्या कामावर त्यांचे घर चालते. दहा काळे शाफ्ट आले की त्यातले बरेचसे काम संपणार होते. त्यांना ते ठाऊक होते, तरीही बोलावल्यावर ते आले आणि सोबत कॅलिपर घेऊन आले.

कसोटी आम्ही साधीच ठेवली. लांबच्या गादीवर कागदाची खूण चिकटवली. पांढरा चेंडू ठरल्या जागी ठेवून खुणेच्या रेषेत काठी धरायची, मग काठी रेषेला समांतरच ठेवून उजवीकडे सरकवायची आणि जोरात मारायचे. जोरात अशासाठी की हळू मारले तर फिरकीमुळे चेंडू वाटेत पुन्हा वळतो आणि हिशेब बिघडतो. चेंडू खुणेपासून किती डावीकडे लागला ते पाहायचे. एकाच माणसाने, प्रत्येक शाफ्टने दहा वेळा मारायचे. मारणारा तो गिऱ्हाईक होता, कारण आमच्यात त्याचाच हात बसलेला आहे.

साधा मेपल चार बोटे चुकला. फाकीचा मेपल अडीच बोटे. अमेरिकन कार्बन दोन ते अडीच. आणि वीस हजारांचा नवा काळा शाफ्ट? चार बोटे. कधी चारच्याही वर.

भाच्याचे तोंड उतरले. त्याने पुन्हा दहा वेळा मारायला लावले. आकडा तोच राहिला. चाचांनी शाफ्ट हातात घेतला, पुढचे टोक तळहातावर तोलले आणि म्हणाले, "आत लाकूड आहे किंवा भिंत फार जाड आहे. टोक बोलतच नाही." मग त्यांनी टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकून दाखवले. अमेरिकन शाफ्टमध्ये आवाज मारण्यासाठी फोम भरलेला असतो, तरी त्याचा नाद वेगळा होता. याचा आवाज बंद आणि जड.

राहिली शेवटची शंका. कापडवाला धागा जाळून ओळखतो. सूत जळताना कागदासारखा वास येतो, लोकर केसासारखी, पॉलिएस्टर वितळून गोळी होते. पण हा धागा आधीच जळलेला, त्याला काय जाळणार! मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात होती. कार्बनमधून वीज जाते, काचेच्या तंतूतून जात नाही. पार्लरच्या वायरमनचा मीटर आणला. वरच्या राळेच्या थरातून वीज जात नाही, म्हणून मागच्या कापलेल्या कडेला सुया लावल्या. अमेरिकन शाफ्टच्या कडेला मीटर लगेच वाजला. नव्या शाफ्टवर वाजला नाही. सगळीकडे फिरवून पाहिले. नाहीच. म्हणजे काचेचा तंतू, आत लाकूड आणि वरून विणकामाचे चित्र छापलेला पातळ पापुद्रा.

पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणाला, बाजारात सगळे असेच चालते, याला कार्बन स्टाइल म्हणतात. बिलावर मात्र त्याने 'कार्बन शाफ्ट' एवढेच लिहून दिले होते. आम्ही वाद घातला नाही. बयाणा दिलेला नव्हता, नमुना परत गेला. काचतंतूचा शाफ्ट वाईटच असतो असे आम्ही म्हणत नाही. लाकडावर काचतंतूचा थर दिलेल्या काठ्या अमेरिकेत पूर्वीपासून उघडपणे विकल्या गेल्या आहेत आणि मोठमोठे खेळाडू त्यांनी खेळले आहेत. पण टेरिकॉटला खादी म्हणून विकले तर टेरिकॉटचा दोष नसतो.

आता प्रश्न राहिला की, खरा माल आणायचा तर आणावा का. येथे भाच्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण तो अगदीच हवेत नव्हता. कल्याणचा पावसाळा लाकडाला मानवत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये शाफ्ट ओल पितात, टेबलावर लोळवले की नाचतात. दरवर्षी चार-पाच बाद होतात. खडूची निळी घाण लाकडात मुरते, ती काढायला घासावे लागते, घासल्याने शाफ्ट बारीक होतो. कार्बन ओल पीत नाही, वाकत नाही, ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ. दमट हवेच्या गावात हा गुण काही थोडा नव्हे, आणि आमच्या मते कार्बनची खरी बाजू हीच आहे. नेमापेक्षाही हीच. नेमाचे काम, आमच्या कसोटीप्रमाणे, चांगला फाकीचा मेपलही जवळजवळ तितकेच करतो आणि त्याचा भाव निम्म्याच्या आसपास असतो.

परंतु भाड्याच्या काठीचे आयुष्य वेगळे असते. पोरे ती टेबलावर आपटतात, खुर्चीला टेकवून विसरतात, कोणी तिच्यावर बसतोही. लाकडाला खड्डा पडला तर चाचा वाफ देऊन तो वर आणतात. कार्बनचा टवका उडाला की धागा तुटला, त्याला रफू नाही. चाळीस हजारांची वस्तू तासाला दीडशे रुपये देणाऱ्या अनोळखी हातात देणे आम्हाला पटत नाही. ज्याचा स्वतःचा हात बसला आहे, जो रोज खेळतो, स्पर्धांना जातो, त्याने जरूर घ्यावा. पार्लरवाल्याने भिंतीवर दहा लावणे म्हणजे खानावळीत चांदीची ताटे मांडणे होय.

जे घेणार आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. पहिली पेचाची. प्रत्येक कंपनीचा पेच निराळा. कुठे युनिलॉक, कुठे रेडियल, कुठे तीन अष्टमांश दहा, कुठे पाच सोळांश अठरा. बट एकाचा आणि शाफ्ट दुसऱ्याचा घेतला तर लागेलच असे नाही. बट सोबत घेऊन जावा, फोटोवर विश्वास ठेवू नये. दुसरी जाडीची. रेव्हो ११.८, १२.४ आणि १२.९ मिलिमीटरमध्ये येतो. सिनर्जीचेही ११.८ आणि १२.५ आहेत. एका कंपनीचा बारीक आणि दुसरीचा जाड शाफ्ट समोरासमोर ठेवून कोणती कंपनी चांगली हे ठरवणे म्हणजे चाळीस काउंटची साठ काउंटशी तुलना करणे. बारीक टोक मुळातच हलके, ते कमी ढळणारच. ज्याची बोटे जाड आहेत किंवा जो बहुधा मध्यावर मारतो, त्याला जाडच बरे. सारख्या जाडीचे दोन हातात घ्या, मग काय ते ठरवा.

तिसरी टिपची, आणि ही आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायची. हल्लीच्या थर जोडून केलेल्या महागड्या टिपा पुष्कळदा डुकराच्या कातड्याच्या असतात. नामांकित जपानी टिपाही तशाच आहेत. डब्यावर ते ठळक लिहिलेले नसते. म्हशीच्या आणि इतर चामड्याच्या टिपा मिळतात, पूर्ण कृत्रिमही मिळतात. आपल्या कारागिराने दिवसभर ते हातात धरायचे असते, तेव्हा मागवतानाच चामडे कशाचे हे लेखी विचारून घ्यावे. भाच्याला हे ठाऊकच नव्हते. चाचांना ठाऊक होते, पण कोणी विचारले नाही म्हणून ते आपल्यापुरते दुसऱ्या टिपा वापरत होते आणि फरकाचे पैसे पदरचे घालत होते.

भाच्याला आम्ही दोन लाख दिले नाहीत. नव्वद हजार दिले. त्यात दोन खरे कार्बन शाफ्ट, बिल आणि हमीपत्रासह, येणाऱ्या ओळखीच्या माणसाकरवी मागवले. ते कपाटात राहतील, अनामत ठेवून स्पर्धेच्या पोरांना मिळतील. उरलेल्या पैशांत चाचांनी सुकवलेल्या मेपलचे बारा शाफ्ट कातायचे ठरले. काठ्यांची खोली पावसाळ्यापुरती बंद ठेवून आत एक हवा कोरडी करणारे यंत्र लावायचे, हे भाच्याचे स्वतःचे डोके, आणि ते आम्हाला आवडले.

राहिले चाचा. त्यांना आम्ही म्हणालो, काळ्याचे काम तुम्हीच शिका. या भागात ज्यांनी खरे कार्बन शाफ्ट घेतले आहेत त्यांना टिप बदलायला मुंबईला जावे लागते. काम तेच आहे, पथ्ये वेगळी. शाफ्टच्या अंगाला पट्टी गुंडाळून मगच टिप छाटायची, पॉलिशपेपर अंगाला लागता कामा नये, नाहीतर वरचे धागे कापले जातात. फार घासून तापवायचे नाही, राळ मऊ पडते. आणि काळी धूळ उडवायची नाही. ती फुप्फुसात जाते, अंगाला खाजते आणि वीजवाहक असल्यामुळे लेथच्या मोटरमध्ये शिरली तर मोटर जाळते. म्हणून ओले घासायचे, तोंडाला चांगला मास्क, शेजारी धूळ ओढणारे यंत्र. हे सांगताना आम्हाला मागाच्या खात्यातली रुई आठवली आणि त्या काळी कोणी कोणाला मास्क दिला नव्हता हेही आठवले.

चाचांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "बॉबिनी गेल्या तेव्हा शिकायला काही नव्हतेच. हे तरी आहे." मग त्यांनी किंमत विचारली. लेथला १२.४ आणि १२.९ चे पकड-कॉलेट लागतील, धूळ ओढण्याचे यंत्र लागेल. ते आमच्या खात्यावर टाका म्हणालो. ते म्हणाले, उधार लिहा, फुकट नको. वहीत तसे लिहिले आहे. पहिला काळा शाफ्ट त्यांच्याकडे गेल्या मंगळवारी आला, उल्हासनगरच्या एका सिंधी मुलाचा. टिप बदलायचे चारशे रुपये घेतले. आम्ही कमी सांगितले असते.